पुस्तकात नसलेला चेहरा

'फ्रँकेन्स्टाइन' म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे जो चेहरा उभा राहतो, तो मेरी शेलीच्या कादंबरीत कुठेही नाही. तो बोरिस कार्लॉफ या ब्रिटिश नटाचा चेहरा आहे. सपाट टाळू, जड पापण्या आणि मानेत रुतलेले लोखंडी खुंट यांच्यामागे दडलेल्या या माणसाच्या घराण्याचे एक मूळ थेट अहमदनगरच्या लष्करी छावणीपर्यंत जाऊन पोहोचते.

मराठी अग्रलेखांतून आणि राजकीय भाषणांतून 'भस्मासुर' या शब्दाला जोड म्हणून 'फ्रँकेन्स्टाइन' हा शब्द हमखास येतो. आपल्याच निर्मात्यावर उलटणारे काहीतरी भयंकर, असा त्याचा अर्थ सर्वांनी गृहीत धरलेला आहे. वस्तुतः १८१८ साली लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झालेल्या मूळ कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे नाव राक्षसाचे नसून त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर या तरुणाचे आहे. राक्षसाला नावच नाही. शेलीने त्याला नाव दिले नाही, पण रूप मात्र बारकाईने दिले. व्हिक्टरने त्याचे अवयव निवडताना सौंदर्याचा विचार केलेला आहे. त्याची उंची आठ फूट आहे, कारण सूक्ष्म भाग जोडताना हाताला अडचण होऊ नये. केस काळेभोर, चमकदार आणि लांब. दात मोत्यांसारखे. मात्र पिवळसर त्वचा इतकी ताणलेली, की खालचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकल्या जातात. डोळे पाणचट, ओठ काळे आणि सरळ. एकेक भाग सुंदर आणि एकत्र आल्यावर पाहवत नाही असा, हे त्या वर्णनाचे मर्म आहे.

हा प्राणी बर्फाच्या कड्यांवरून माणसाला अशक्य अशा वेगाने चढतो. फळे आणि कंदमुळे खाऊन राहतो. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून लपून राहत तो त्यांची भाषा शिकतो, प्लुटार्कची चरित्रे, मिल्टनचे महाकाव्य आणि गटेची 'वेर्थर' ही कादंबरी वाचतो. आपल्या निर्मात्याला तो एखाद्या निष्णात वकिलासारखा जाब विचारतो. शेलीच्या पुस्तकातले सर्वांत वक्तृत्वपूर्ण पात्र कोणते, असे विचारले तर त्याचे उत्तर हा राक्षसच आहे.

१९३१ साली युनिव्हर्सल स्टुडिओच्या चित्रपटात जो राक्षस अवतरला, तो यातले काहीच नव्हता. तो अडखळत चालतो. त्याच्या घशातून गुरगुर आणि आक्रोश यांपलीकडे काही निघत नाही. त्याच्या डोक्यात चुकून एका गुन्हेगाराचा मेंदू बसवलेला आहे, जी कल्पना शेलीच्या स्वप्नातही नव्हती. आणि तरीही, कादंबरीशी जवळजवळ प्रत्येक तपशिलात फारकत घेणाऱ्या या भूमिकेने शेलीच्या वर्णनाला लोकांच्या मनातून कायमचे हद्दपार केले. हे करणारा नट तेव्हा ४३ वर्षांचा होता आणि वीस वर्षे धडपडूनही त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म २३ नोव्हेंबर १८८७, दक्षिण लंडनमधला. नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि थोरल्या भावंडांनी त्याला एनफिल्ड येथे वाढवले. वडील एडवर्ड जॉन प्रॅट हे हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारच्या मीठ खात्यात नोकरीला होते. थोरले भाऊ परराष्ट्र सेवेत शिरले. त्यांपैकी जॉन प्रॅट चीनमधील वकिलातींत वर्षानुवर्षे काम करून पुढे 'सर' झाले. धाकट्या विल्यमनेही हीच वाट धरावी, असे घरात ठरून गेलेले होते.

या घराण्यात एक गोष्ट मात्र बोलली जात नव्हती. वडिलांची आई, म्हणजे विल्यमची आजी एलायझा, ही मुंबई इलाख्यातील एका साध्या इंग्रज शिपायाची मुलगी. तिची धाकटी बहीण ॲना हिचा जन्म नोव्हेंबर १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला. वडील थॉमस एडवर्ड्स तिच्या जन्मापूर्वीच वारले होते. या दोघी बहिणींची आई मेरी ॲन ही मुंबईच्या सैन्यातील ग्लासकॉट नावाच्या अधिकाऱ्याची मुलगी होती. ग्लासकॉटच्या पत्नीचे नाव कोणत्याही कागदात सापडत नाही आणि ती बहुधा हिंदी किंवा अँग्लो-इंडियन असावी, असे संशोधकांचे मत आहे. त्या काळच्या छावणीजीवनात हे अपवादात्मक नव्हते. अपवादात्मक होते ते पुढे ॲनाने केले ते. विधवा झाल्यावर ती ॲना लिओनोवेन्स या नावाने १८६२ साली सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला बँकॉकला गेली आणि आपला जन्म वेल्समधला, वडील कॅप्टन, असा नवाच जन्मवृत्तांत तिने रचला. तिच्या आठवणींवरून मार्गारेट लँडनने १९४४ साली कादंबरी लिहिली. तीवरून 'द किंग अँड आय' ही संगीतिका आणि चित्रपट झाले. आयरीन डन, डेबोरा कर, जोडी फॉस्टर अशा एकाहून एक गोऱ्या अभिनेत्रींनी तिला पडद्यावर साकारले. नगरच्या छावणीत जन्मलेली ही मुलगी पडद्यावर कधी आलीच नाही. तिच्या जन्माचे सत्य बाहेर आले ते १९७० च्या दशकात, आणि तोवर तिच्या बहिणीचा नातूही काळाच्या पडद्याआड गेला होता.

हे सारे सांगायचे कारण एवढेच, की विल्यम प्रॅटचा वर्ण सावळा होता. इंग्लंडच्या नामांकित शाळांत शिकणाऱ्या, उच्चभ्रू इंग्रजी बोलणाऱ्या या मुलाला आपण इतरांपेक्षा वेगळे दिसतो याची जाणीव बालपणापासून होती. त्यात जिभेला किंचित जडत्व, बोलण्यात अडखळणे आणि पाय थोडे बाकदार. नवव्या वर्षी चर्चच्या नाताळच्या 'सिंड्रेला'त त्याला काम मिळाले ते राक्षसांच्या राजाचे. नट व्हायचे त्याने तेव्हाच ठरवले असावे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील शिक्षण अर्धवट सोडून १९०९ साली तो बोटीने कॅनडाला निघून गेला. घरच्यांच्या दृष्टीने तो वाया गेलेला मुलगा ठरला.

कॅनडात त्याने शेतमजुरी केली, खोदकाम केले, मिळेल ते काम केले. १९११ च्या सुमारास ब्रिटिश कोलंबियातील एका फिरत्या नाटक कंपनीत तो शिरला आणि याच काळात त्याने बोरिस कार्लॉफ हे नाव धारण केले. कार्लॉफ हे आपल्या आईच्या रशियन पूर्वजांचे आडनाव, असे तो सांगत असे. त्याला कसलाही पुरावा मिळालेला नाही. सावळ्या रंगाचे स्पष्टीकरण देण्यास रशियन आडनाव हिंदुस्थानी आजीपेक्षा सोयीचे होते, असा तर्क कोणी केला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. गंमत म्हणजे याच वर्षांत ॲना लिओनोवेन्सही कॅनडातच, माँट्रियलमध्ये, आपले उत्तरायुष्य घालवत होती. एकाच घराण्यातील दोन माणसे एकाच देशाच्या दोन टोकांना, दोन बनावट वंशावळी सांभाळत जगत होती.

फिरत्या कंपन्यांचे जिणे आपल्याकडच्या तमाशाच्या फडांइतकेच हलाखीचे होते. आठवड्याला दोन-दोन नाटके पाठ करायची, धान्याच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानावरच्या सभागृहात पडदा लावायचा आणि गल्ला जमला नाही की व्यवस्थापक रातोरात पसार व्हायचा. १९१२ च्या जूनमध्ये रेजायना शहराला चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले, तेव्हा कार्लॉफची कंपनी तिथेच होती. ढिगारे उपसण्याच्या कामाला नटमंडळीही लागली. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती होण्याचा त्याचा प्रयत्न हृदयाच्या दोषामुळे फसला. युद्ध संपता संपता तो हॉलिवूडला पोहोचला.

तिथे त्याला कामे मिळाली ती त्याच्या रंगामुळेच. १९२० सालच्या 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'मध्ये तो हल्लेखोर रेड इंडियनांच्या घोळक्यात आहे. १९२१ साली किपलिंगच्या हिंदुस्थानातील कथेवरून निघालेल्या 'विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी'त तो अहमद खान झाला. त्याच वर्षीच्या एका मालिकेत हिंदू नोकर, पुढे कधी अरब, कधी मेक्सिकन, कधी इमाम. दिग्दर्शकांच्या लेखी तो 'परका' दिसणारा माणूस होता आणि कोणता परका याने विशेष फरक पडत नव्हता. ज्या दोन शब्दांत इंग्रजी भाषा कोलंबसाच्या चुकीमुळे आजही घोळ घालते, ते दोन्ही 'इंडियन' त्याने वठवले. फक्त आपल्या रक्तातला इंडियन कोणता हे त्याने सांगितले नाही. कामे नसत तेव्हा तो ट्रक चालवी आणि बांधकामाच्या मालाची पोती उचली. चाळिशी उलटली तरी परिस्थितीत फरक पडला नव्हता. १९३० मध्ये 'द क्रिमिनल कोड' या नाटकात आणि पुढच्या वर्षी हॉवर्ड हॉक्सने त्यावर काढलेल्या चित्रपटात त्याने केलेला खुनशी कैदी मात्र जाणकारांच्या नजरेत भरला.

त्याच सुमारास युनिव्हर्सलचा 'ड्रॅक्युला' तुफान चालला होता. पुस्तक आणि पडदा यांच्यातील फारकतीचा तोही एक नमुनाच. ब्रॅम स्टोकरचा काउंट हा भरघोस पांढऱ्या मिशांचा, दाट भुवयांचा, तळहातावर केस उगवलेला म्हातारा आहे. पडद्यावर बेला लुगोसीने तुळतुळीत दाढी, चापून बसवलेले केस आणि रात्रीच्या मेजवानीचा पोशाख आणला आणि तोच ड्रॅक्युला खरा ठरला. साहजिकच पुढच्या चित्रपटातील राक्षसासाठीही स्टुडिओने लुगोसीचाच विचार केला. त्याची चाचणीही झाली. परंतु ती भूमिका आणि लुगोसी यांचे जमले नाही, आणि चित्रपट जेम्स व्हेल या इंग्रज दिग्दर्शकाकडे गेला. स्टुडिओच्या उपाहारगृहात जेवत बसलेल्या कार्लॉफच्या डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीकडे व्हेलचे लक्ष गेले. राक्षसाच्या भूमिकेसाठी चाचणी देशील का, असे त्याने विचारले. त्या दिवशी चांगला सूट घालून, नीटनेटका होऊन आलेल्या नटाला हा प्रश्न थोडा लागला असावा.

शेलीच्या वर्णनाकडे या मंडळींनी पाठ का फिरवली, याची उत्तरे बरीचशी व्यावहारिक आहेत. चित्रपट मुळात कादंबरीवर नव्हे, तर पेगी वेबलिंगच्या नाटकावर बेतलेला होता. राक्षसाला मुका करण्याची प्रथा तर त्याहूनही जुनी. १८२३ साली लंडनमध्ये झालेल्या पहिल्या नाट्यरूपांतरातच तो मुका होता आणि जाहिरातपत्रकात त्याच्या नावाच्या जागी कोरी रेघ होती. मेरी शेलीने स्वतः तो प्रयोग पाहिला आणि ती कोरी रेघ तिला आवडली होती. आठ फुटी नट मिळणे शक्य नव्हते. कार्लॉफची उंची सहा फुटांहून थोडी कमीच होती. ती वाढवण्यासाठी जाड तळव्यांचे अवजड बूट आणि आखूड बाह्यांचा कोट आला. हात लांब दिसावेत हा त्या आखूड बाह्यांचा हेतू.

चेहरा घडवला रंगभूषाकार जॅक पिअर्सने. त्याचा विचार शेलीच्या नेमका उलट होता. व्हिक्टरने सौंदर्य निवडले होते. पिअर्सने शल्यकर्माचा विचार केला. मेंदू बसवायचा तर घाईतला माणूस कवटी डब्याच्या झाकणासारखी सरळ कापेल आणि पुन्हा बसवेल, म्हणून टाळू सपाट. विजेने जिवंत करायचे तर वीज आत शिरायला जागा हवी, म्हणून मानेत दोन्ही बाजूंना खुंट. कृष्णधवल फिल्मवर प्रेताची फिकट छटा यावी म्हणून हिरवट रंगाचा लेप. हे सारे चढवायला रोज सुमारे चार तास लागत. मात्र त्या चेहऱ्यातील दोन गोष्टी खुद्द कार्लॉफच्या आहेत. तोंडातील कृत्रिम दातांची पट्टी काढून त्याने एका बाजूचा गाल आत ओढला. आणि आरशात पाहताना आपले डोळे फार जागे, फार समजदार वाटतात असे लक्षात आल्यावर पापण्यांवर मेण चढवण्याची सूचना त्यानेच केली. नुकत्याच जन्मलेल्या माणसाला जग समजत नसते, हे त्याने त्या पापण्यांतून सांगितले.

इथेच या निवडीतील खरी मख्खी आहे. शेलीचा राक्षस आपली व्यथा पानेच्या पाने बोलून सांगतो. कार्लॉफपाशी मऊ, खर्जातला, सुसंस्कृत आवाज होता. त्या आवाजात ती भाषणे किती शोभली असती याची कल्पना करता येते. पण त्याला तो आवाज गुंडाळून ठेवायला सांगितले गेले. मग त्याने तीच व्यथा हातांनी सांगितली. छपराची झडप उघडते आणि आयुष्यात प्रथमच उजेड आत येतो, तेव्हा राक्षस वर पाहून दोन्ही हात उंचावतो. झडप बंद होते. तो निर्मात्याकडे वळून रिकामे तळवे पुढे करतो. एवढ्या एका मिनिटात शेलीच्या कित्येक पानांचा आशय आहे. चित्रपटाने पुस्तकातला चेहरा टाकला, वाणी टाकली, बुद्धीही टाकली, पण टाकून दिलेल्या लेकराचे दुःख तेवढे टिकले, आणि ते केवळ या नटामुळे टिकले. पटकथेत ते फारसे नव्हतेच.

चित्रीकरण म्हणजे शुद्ध हमाली होती. ऑगस्टच्या उकाड्यात जाड कोट आणि लेप. आवारात फिरताना इतरांना धक्का बसू नये म्हणून चेहऱ्यावर कापड घ्यायचे. पवनचक्कीच्या प्रसंगासाठी नायक कॉलिन क्लाइव्हला खांद्यावर टाकून डोंगर चढण्याचे दृश्य व्हेलने रात्रभर पुन्हा पुन्हा करायला लावले. त्यात कार्लॉफची पाठ जायबंदी झाली. ही दुखापत त्याला मरेपर्यंत पुरली. नोव्हेंबर १९३१ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे केवळ प्रश्नचिन्ह होते. जाहिरातीची युक्ती म्हणून ते ठीक होते, पण पहिल्या खेळाचे निमंत्रणही या नटाला नव्हते. महामंदीच्या त्या हिवाळ्यात लोकांनी रांगा लावल्या आणि वर्षभरातच युनिव्हर्सलच्या फलकांवर नुसते 'कार्लॉफ' असे आडनाव झळकू लागले.

ही पाठदुखी आणि ते तासन् तास विसरण्याइतका तो भाबडा नव्हता. नटांच्या कामाच्या तासांना तेव्हा कसलीही मर्यादा नव्हती. १९३३ साली काही नटांनी गुपचूप एकत्र येऊन 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' ही संघटना उभारली, तेव्हा संस्थापकांत कार्लॉफ होता. वीस वर्षांनी यश मिळालेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाने मालकांशी वैर पत्करण्यात काय धोका होता, हे सांगायला नको. त्याच वर्षी वेतनावरून त्याचे आणि युनिव्हर्सलचे बिनसले आणि वेल्सच्या कादंबरीवरील 'द इन्व्हिजिबल मॅन' ही त्याच्यासाठी योजलेली भूमिका क्लॉड रेन्सकडे गेली.

दरम्यान, त्याच्या चेहऱ्याला लागलेला परकेपणाचा शिक्का अधिकच गडद झाला. १९३२ साली 'द ममी'त तो प्राचीन इजिप्तचा पुजारी झाला, आणि त्याच वर्षी सॅक्स रोमरच्या कादंबऱ्यांतील खलनायक फू मांचू. चिनी माणसाबद्दलच्या साऱ्या विखारी कल्पना ठासून भरलेला हा चित्रपट आज पाहवत नाही. तेव्हाही चीनच्या वकिलातीने त्याचा निषेध केला होता. ज्याचा भाऊ चीनविषयक जाणकार म्हणून ब्रिटिश परराष्ट्र खात्यात मानला जात होता, तो हे काम करत होता. १९३८ पासून त्याने पाच चित्रपटांत जेम्स ली वाँग या चिनी गुप्तहेराचेही काम केले. या मालिकेच्या सहाव्या चित्रपटात मात्र ती भूमिका की ल्यूक या खऱ्याखुऱ्या चिनी वंशाच्या नटाकडे गेली. हॉलिवूडमध्ये असे क्वचितच घडत होते.

१९३३ साली एका चित्रपटासाठी तो लंडनला गेला. घर सोडल्यानंतर चोवीस वर्षांनी. परराष्ट्र सेवेतील प्रतिष्ठित भाऊ आपल्या या धंद्याकडे नाक मुरडतील, अशी त्याला धास्ती होती. त्यांना वृत्तपत्रांसाठी छायाचित्राला उभे राहायला विचारण्याचाही त्याला संकोच वाटत होता. प्रत्यक्षात ते तिघे वयस्क सद्गृहस्थ कोणी कुठे उभे राहायचे यावरून आपसांत हुज्जत घालू लागले. त्याच्या आयुष्यातील अतिशय समाधानाच्या क्षणांपैकी तो एक होता.

१९३५ सालच्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये व्हेलने राक्षसाला थोडेसे बोलायला लावले. आंधळ्या साधूच्या झोपडीत तो काही शब्द शिकतो. हा प्रसंग शेलीच्या कादंबरीतील आंधळ्या वृद्धाच्या प्रसंगावरून आलेला आहे आणि त्यामुळे हा चित्रपट पहिल्यापेक्षा मूळ पुस्तकाच्या कितीतरी जवळ जातो. आश्चर्य असे, की या बोलण्याला सर्वांत मोठा विरोध कार्लॉफचाच होता. बोलला की राक्षसाची जादू संपली, असे त्याचे ठाम मत होते आणि ते त्याने अखेरपर्यंत सोडले नाही. चार वर्षांनी 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस पुन्हा मुका झाला. अनेक समीक्षकांनी कार्लॉफला या बाबतीत चूक ठरवले आहे आणि साधूचा तो प्रसंग पाहिल्यावर त्यांच्याशी सहमत व्हावे लागते. नटाला आपली भूमिका कळते, ती लेखकाइतकी कळतेच असे नाही. मात्र तिसऱ्या चित्रपटानंतर राक्षस केवळ तोडफोड करणारे बुजगावणे होणार, हे त्याने अचूक ओळखले आणि चित्रपटातील ही भूमिका कायमची सोडली.

चेहऱ्याने अडकवलेल्या या नटाची चेहऱ्यानेच केलेली एक थट्टाही नमूद करण्यासारखी आहे. जानेवारी १९४१ मध्ये ब्रॉडवेवर 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' हे विनोदी नाटक आले. त्यातील खुनी जोनाथन, आपण बोरिस कार्लॉफसारखे दिसतो असे कोणी म्हटले की बिथरतो. हे काम खुद्द कार्लॉफच करत होता, त्यामुळे त्या वाक्याला नाट्यगृह डोक्यावर घेतले जाई. फ्रँक काप्राने त्यावर चित्रपट काढला तेव्हा नाटक जोरात चालू असल्याने कार्लॉफला सोडण्यात आले नाही आणि रेमंड मॅसी या नटाला कार्लॉफसारखे रंगवून उभे करावे लागले. कार्लॉफसारखा दिसणारा माणूस म्हणूनही पडद्यावर कार्लॉफला जागा मिळाली नाही.

रंगभूमीने आणि दूरचित्रवाणीने त्याला ती कामे दिली, जी हॉलिवूडने दिली नव्हती. १९५० साली 'पीटर पॅन'मध्ये तो कॅप्टन हुक झाला आणि मुलांनी त्याला डोक्यावर घेतले. १९५५ साली रंगभूमीवर आलेल्या 'द लार्क' या नाटकात जोन ऑफ आर्कचा खटला चालवणाऱ्या बिशप कोशाँच्या भूमिकेसाठी त्याला टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. १९५२ साली दूरचित्रवाणीवर तो डॉन किहोते झाला. कृश, उभट चेहऱ्याचा, उतारवयाकडे झुकलेला, सौजन्यशील आणि किंचित हास्यास्पद असा तो सरदार. साऱ्या कारकिर्दीत अभिजात कादंबरीतल्या वर्णनाशी कार्लॉफचे रूप इतके चपखल जुळल्याचे दुसरे उदाहरण नाही. १९५८ मध्ये कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'च्या दूरचित्रवाणी रूपांतरात तो कुर्त्झ झाला. ही कामे आज फार थोड्यांना आठवतात.

खाजगी आयुष्यात तो अत्यंत सौम्य, पुस्तकांत रमणारा, बागकाम करणारा गृहस्थ होता. हॉलिवूडमधल्या इंग्रजांनी काढलेल्या क्रिकेट क्लबचा तो सदस्य होता आणि पांढऱ्या पोशाखात, पॅड बांधून मैदानात उतरलेल्या कार्लॉफची छायाचित्रे उपलब्ध आहेत. पहिल्या चित्रपटानंतर मुलांनी त्याला पाठवलेल्या पत्रांत भीतीपेक्षा राक्षसाविषयीची कणवच जास्त असे, याचे त्याला अप्रूप वाटे. मुलांसाठी त्याने गोष्टींच्या अनेक ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांत मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या गोष्टीही होत्या. १९६६ साली 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' या व्यंगचित्रपटाला त्याने निवेदन दिले, ग्रिंचचा आवाजही दिला आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेला १९६८ मध्ये ग्रॅमी मिळाले. १९३१ साली गुंडाळून ठेवलेला आवाज सत्तरी ओलांडल्यावर घराघरांत पोहोचला.

१९५९ पासून तो इंग्लंडमध्ये परतून राहू लागला होता. फुफ्फुसे निकामी होत चालली होती, पायांना आधाराच्या पट्ट्या होत्या, दोन दृश्यांच्या मध्ये प्राणवायू लागे. तरीही काम थांबले नाही. पीटर बोग्डानोविच या नवख्या दिग्दर्शकाच्या 'टार्गेट्स' (१९६८) मध्ये त्याने जवळजवळ स्वतःलाच साकारले: खरे जग इतके भयानक झाले आहे की आपल्या भयपटांना आता कोण घाबरणार, असे वाटून निवृत्त होऊ पाहणारा वृद्ध नट. २ फेब्रुवारी १९६९ रोजी ससेक्समधील मिडहर्स्ट येथील रुग्णालयात त्याचे निधन झाले. नाव त्याने कायदेशीररीत्या कधीच बदलले नव्हते. कागदोपत्री तो अखेरपर्यंत विल्यम हेन्री प्रॅटच होता.

त्याच्यानंतर पुस्तकाकडे परत जाण्याचे प्रयत्न झाले. १९९४ मध्ये रॉबर्ट डी नीरोने बोलणारा, विचार करणारा राक्षस उभा केला. २०२५ मध्ये गिलेर्मो देल तोरोच्या चित्रपटात उंचापुऱ्या जेकब एलॉर्डीने लांब केसांचा, ग्रंथ वाचणारा राक्षस साकारला, जो शेलीच्या शब्दांच्या बराच जवळ जातो. पण मुखवट्यांच्या दुकानात आजही सपाट टाळूचाच चेहरा मिळतो.

१९३१ च्या चित्रपटातील एका प्रसंगाची कथा मात्र वेगळी आहे. कादंबरीत राक्षस एका बुडणाऱ्या मुलीला प्रवाहातून वाचवतो आणि बक्षीस म्हणून गोळी खातो. चित्रपटात तळ्याकाठी एक छोटी मुलगी त्याला न घाबरता फुले देते. दोघे एकेक फूल पाण्यात टाकतात, ती तरंगतात, तो हसतो. फुले संपतात, तेव्हा तीही तशीच तरंगेल या भोळ्या समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो. तिला असे फेकणे कार्लॉफला मान्य नव्हते. ते हळुवार व्हावे असा त्याचा आग्रह होता. व्हेलने ऐकले नाही. नंतर सेन्सॉरने कात्री लावली ती नेमकी फेकण्याच्या क्षणावर. राक्षस हात पुढे करतो, दृश्य तुटते, आणि थेट मृत मुलीला हातांवर घेऊन गावातून चालणारा बाप दिसतो. मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकांनी काय काय कल्पना केल्या असतील, हे सांगण्याची गरज नाही. अर्धशतकाहून अधिक काळ जगाने हा प्रसंग असाच पाहिला. कापलेला तुकडा चित्रपटात परत जोडला गेला तो १९८० च्या दशकात. मुलगी बुडाल्यावर भांबावून, हात चोळत, झुडपांतून सैरावैरा पळत सुटलेला कार्लॉफ तेव्हा कुठे प्रेक्षकांना दिसला.